काळ्या ताऱ्यांची मोजदाद करणाऱ्या हेन्रिएटा लेव्हिट

अमेरिकेतील केंब्रिज शहरात हार्वर्ड विद्यापीठाची जुनी वेधशाळा आहे. तिच्या आवारातील विटांच्या एका इमारतीत, लोखंडी कपाटांमध्ये, पाच लाखांहून अधिक काचा कागदी पाकिटांत घालून उभ्या करून ठेवल्या आहेत. एखादी काच उजेडासमोर धरली, की उलटे आकाश दिसते. पार्श्वभूमी पांढुरकी आणि तारे काळे. जितका तारा तेजस्वी, तितका त्याचा काळा ठिपका मोठा. ही आकाशाची निगेटिव्ह आहेत. त्यातली सर्वांत जुनी १८८५च्या सुमाराची आहेत.

यातील हजारो काचा एका स्त्रीने भिंगाखाली धरून वाचल्या. विश्वातील अंतरे मोजण्याची पहिली भरवशाची पट्टी त्यातून जगाला मिळाली. तिच्या मृत्यूनंतर शंभर वर्षांनी याच काचांचे स्कॅनिंग पूर्ण झाले आणि आता त्या संगणकाच्या पडद्यावर वाचता येतात. हेन्रिएटा स्वॉन लेव्हिट यांचे आयुष्य आणि या निगेटिव्हचे आयुष्य एकमेकांपासून वेगळे काढता येत नाही.

शिक्षण आणि आजार

हेन्रिएटा यांचा जन्म ४ जुलै १८६८ रोजी मॅसॅच्युसेट्स राज्यातील लँकेस्टर येथे झाला. वडील धर्मोपदेशक होते. सात भावंडांत त्या थोरल्या. आधी ओहायोतील ओबर्लिन महाविद्यालयात आणि मग केंब्रिजमध्ये त्यांचे शिक्षण झाले. हार्वर्डमध्ये तेव्हा मुलींना थेट प्रवेश नव्हता. त्यांच्यासाठी वेगळी संस्था होती, तीच पुढे रॅडक्लिफ महाविद्यालय म्हणून ओळखली गेली. १८९२ मध्ये हेन्रिएटा तिथून पदवीधर झाल्या. खगोलशास्त्राचा अभ्यासक्रम त्यांनी घेतला तो अगदी शेवटच्या वर्षी.

पदवीनंतर त्या हार्वर्ड वेधशाळेत बिनपगारी मदतनीस म्हणून काम करू लागल्या. नंतर काही काळ युरोपात प्रवास झाला, पुढची काही वर्षे विस्कॉन्सिनमधील बेलॉइट येथे कुटुंबासोबत गेली. याच काळात आजारपण मागे लागले आणि ऐकू येणे हळूहळू कमी होत गेले. पुढे त्यांना जवळजवळ काहीच ऐकू येत नसे. १९०२ मध्ये त्या वेधशाळेत परतल्या, तेव्हा संचालक एडवर्ड पिकरिंग यांनी त्यांना ताशी ३० सेंट मजुरी देऊ केली. त्यांच्या सहकारी स्त्रियांना सहसा २५ सेंट मिळत.

आकाश काचेवर का उतरवायचे?

पिकरिंग १८७७ मध्ये संचालक झाले. खगोलशास्त्रज्ञाने दुर्बिणीला डोळा लावायचा, दिसेल ते वहीत लिहायचे किंवा चितारायचे, अशी तोवरची पद्धत होती. त्यात दोन अडचणी होत्या. डोळा प्रकाश साठवून ठेवू शकत नाही, त्यामुळे अंधूक तारे कितीही वेळ पाहिले तरी दिसत नाहीत. आणि निरीक्षकाच्या नजरेतून जे सुटले, ते कायमचे सुटले.

फोटोच्या काचेने या दोन्ही अडचणी दूर केल्या. काचेवर जिलेटिनचा पातळ थर असतो आणि त्यात सिल्व्हर ब्रोमाइडचे सूक्ष्म कण विखुरलेले असतात. प्रकाश पडलेल्या कणांचे रसायनात धुतल्यावर काळ्या चांदीत रूपांतर होते, बाकीचे कण धुऊन जातात. दुर्बीण ताऱ्यांच्या गतीने फिरवत ठेवून ही काच तासभर उघडी ठेवली, तर क्षणाक्षणाला येणारा थोडाथोडा प्रकाश साठत जातो आणि डोळ्यांना न दिसणारे तारेही ठिपक्यांच्या रूपाने उमटतात.

या काचेवरून कागदावर फोटो छापता येतो. पण वेधशाळेत काम चाले ते थेट निगेटिव्हवरच. कागदावर छापताना सर्वांत फिकट आणि सर्वांत गडद छटांमधले बारीक फरक हरवतात. कागद प्रकाश परतवतो, काचेतून प्रकाश आरपार जातो, त्यामुळे काचेवर छटांचा पल्ला कितीतरी मोठा असतो. दुर्बिणीने टिपलेले सगळे निगेटिव्हमध्ये असते, छापील फोटोत त्याचा काही भागच उतरतो.

हेन्री ड्रेपर या दिवंगत खगोल छायाचित्रकाराच्या पत्नी अ‍ॅना पामर ड्रेपर यांनी दिलेल्या निधीवर पिकरिंग यांचे काम वाढले. दक्षिणेकडील आकाश टिपण्यासाठी पेरू देशात आरेकिपा येथे केंद्र उभारले गेले. तिथे २४ इंची ब्रूस दुर्बिणीने १४ इंच रुंद आणि १७ इंच लांब काचांवर छायाचित्रे घेतली जात. या काचा पेट्यांत भरून जहाजाने हार्वर्डला येत. त्या वाचण्यासाठी पिकरिंग यांनी स्त्रियांची फळीच नेमली होती. विल्यमिना फ्लेमिंग, अ‍ॅनी कॅनन ही त्यातली गाजलेली नावे. गणिते करणाऱ्या या स्त्रियांना तेव्हा ‘कॉम्प्युटर’ म्हणत. रात्री दुर्बिणीवर काम करण्याची संधी मात्र त्यांना सहसा मिळत नसे.

भिंग, पट्टी आणि दोन काचा

हेन्रिएटा यांच्याकडे तेजस्विता बदलणारे, म्हणजे रूपविकारी, तारे शोधण्याचे काम आले. काच लाकडी चौकटीत बसवायची, खालच्या आरशाने तिच्यातून उजेड सोडायचा आणि वरून भिंगाने पाहायचे. ताऱ्याची तेजस्विता ठरवण्यासाठी एक छोटी काचपट्टी असे. तिच्यावर एकाच ताऱ्याचे लहानापासून मोठ्यापर्यंत ठिपके ओळीने उमटवलेले असत. पट्टी ताऱ्याशेजारी धरून कोणता ठिपका जुळतो ते पाहायचे. माशी मारण्याच्या फडीसारखी दिसणारी, पण माशी मारायलाही अपुरी पडेल एवढी ती लहान होती. वेधशाळेत तिला थट्टेचे नावही त्यावरूनच पडले होते.

लाखभर ठिपक्यांतून बदलणारा तारा हुडकण्याची युक्ती आणखी हुशारीची होती. एका रात्रीच्या निगेटिव्हवरून काचेवरच पॉझिटिव्ह प्रत काढायची. तीत आकाश काळे आणि तारे पांढरे. ही प्रत दुसऱ्या रात्रीच्या निगेटिव्हवर नेमकी जुळवून ठेवायची. जे तारे बदलले नाहीत, त्यांचा काळा ठिपका आणि पांढरा ठिपका एकमेकांना झाकून टाकतात. तारा अधिक तेजस्वी झाला असेल, तर पांढऱ्याच्या कडेने काळी कड डोकावते. मंद झाला असेल, तर पांढरी कड उरते. आज संगणक एका छायाचित्रातून दुसरे वजा करून नवे तारे शोधतो. हेन्रिएटा तीच वजाबाकी काचांवर करत होत्या.

१९०४ मध्ये मॅगेलनच्या मेघांमध्ये त्यांना असे अनेक तारे आढळू लागले. दक्षिण गोलार्धातून हे मेघ ढगाच्या दोन तुकड्यांसारखे दिसतात. प्रत्यक्षात त्या आपल्या आकाशगंगेच्या शेजारच्या लहान दीर्घिका आहेत. पेरूहून आलेल्या काचा पालथ्या घालून १९०८ मध्ये त्यांनी १,७७७ रूपविकारी ताऱ्यांची यादी प्रसिद्ध केली. त्यातले ९६९ लहान मेघात आणि ८०८ मोठ्या मेघात होते.

त्या यादीत सोळा तारे असे होते, की ते किती दिवसांनी मंद होऊन पुन्हा तेजस्वी होतात तो कालावधी हेन्रिएटा यांना काढता आला होता. हे कोष्टक पाहताना एक गोष्ट त्यांच्या ध्यानात आली. तारा जितका तेजस्वी, तितका त्याचा कालावधी लांब. सोळा ताऱ्यांवरून नियम सांगणे धाडसाचे होते. त्या थांबल्या आणि आणखी तारे मोजत राहिल्या. मार्च १९१२ मध्ये लहान मेघातील २५ ताऱ्यांचा आलेख वेधशाळेच्या पत्रकात आला. सर्वांत लहान कालावधी सव्वा दिवसाचा, सर्वांत मोठा १२७ दिवसांचा. सगळे बिंदू जवळजवळ सरळ रेषेत बसत होते. पत्रकाखाली सही पिकरिंग यांची होती. मजकूर मिस लेव्हिट यांनी तयार केला आहे, अशी नोंद त्यांनी सुरुवातीलाच केली होती.

या आलेखाचे महत्त्व समजण्यासाठी घाटावरून रात्री खाली दिसणारे गाव आठवावे. गावातले सगळे दिवे आपल्यापासून जवळजवळ सारख्याच अंतरावर असतात. त्यामुळे एखादा दिवा मिणमिणता दिसला, तर तो खरोखरच कमी शक्तीचा आहे असे म्हणता येते. मेघातील ताऱ्यांचे तसेच होते. ते सगळे एकाच अंतरावर असल्याने त्यांच्या दिसण्यातला फरक हा खरा फरक होता. म्हणजे सेफीड प्रकारच्या ताऱ्याचा कालावधी मोजला, की तो मुळात किती तेजस्वी आहे ते कळते. मुळात किती तेजस्वी आणि आपल्याला दिसतो किती, या दोन आकड्यांवरून त्याचे अंतर काढता येते.

पुढच्याच वर्षी, १९१३ मध्ये, डेन्मार्कचे एजनार हर्ट्‌झस्प्रुंग यांनी आकाशगंगेतील जवळच्या सेफीड ताऱ्यांच्या आधारे या पट्टीवर प्रत्यक्ष अंतराच्या खुणा घातल्या. हार्लो शॅप्ली यांनी तिच्या साहाय्याने आकाशगंगेचा विस्तार मोजला. ऑक्टोबर १९२३ मध्ये एडविन हबल यांना माउंट विल्सन वेधशाळेतील एका काचेवर देवयानी मेघात सेफीड तारा सापडला. त्याचा कालावधी ३१ दिवसांच्या आसपास होता. हबल यांनी हिशेब मांडला, तेव्हा तो मेघ आकाशगंगेच्या फार बाहेर असल्याचे दिसले. देवयानी ही स्वतंत्र दीर्घिका ठरली. आज तिचे अंतर सुमारे २५ लाख प्रकाशवर्षे मानले जाते.

प्रमाण ताऱ्यांचे किचकट काम

हेन्रिएटा यांना मात्र सेफीड ताऱ्यांचा माग पुढे काढता आला नाही. पिकरिंग यांनी त्यांच्यावर दुसरी जबाबदारी सोपवली होती. ध्रुवाजवळचे काही तारे निवडून त्यांची फोटोवरील तेजस्विता इतकी पक्की करायची, की जगातल्या कोणत्याही वेधशाळेला ते मापाचे दगड म्हणून वापरता यावेत.

हे काम कंटाळवाणे होते, पण सोपे नव्हते. काचेवरचा ठिपका फक्त ताऱ्यावर अवलंबून नसतो. रसायनाचा थर, धुण्याची वेळ, दुर्बिणीचे भिंग, त्या रात्रीची हवा या सगळ्यांचा त्यावर परिणाम होतो. शिवाय दुप्पट प्रकाश पडला म्हणून ठिपका दुप्पट काळा होत नाही. हे सगळे दोष ओळखून वजा करण्यासाठी त्यांनी तेरा दुर्बिणींमधून घेतलेल्या २९९ काचा तपासल्या आणि ९६ ताऱ्यांची मालिका तयार केली. त्यातील सर्वांत तेजस्वी आणि सर्वांत मंद ताऱ्यांत साठ लाख पटींहून जास्त फरक होता.

मधूनमधून आजार उचल खात होता. १९०८च्या अखेरीस त्यांना रुग्णालयात राहावे लागले. त्यानंतर बराच काळ त्या बेलॉइटच्या घरी होत्या. काम अडू नये म्हणून पिकरिंग यांनी छायाचित्रे आणि वह्यांची पेटी त्यांच्याकडे पाठवली. १९११ मध्ये वडील गेले. तरीही मोजमापे चालू राहिली. आयुष्यभरात त्यांनी सुमारे २,४०० रूपविकारी तारे शोधले. त्या काळी माहीत असलेल्या अशा ताऱ्यांपैकी जवळजवळ निम्मे त्यांचे होते.

१९२१ मध्ये शॅप्ली वेधशाळेचे संचालक झाले आणि हेन्रिएटा ताऱ्यांच्या तेजस्विता मापन विभागाच्या प्रमुख. तोवर त्यांना पोटाचा कर्करोग झाला होता. १२ डिसेंबर १९२१ रोजी वयाच्या ५३व्या वर्षी त्यांचे निधन झाले. मागे राहिलेल्या सामानसुमानाची आणि रोख्यांची किंमत ३१५ डॉलरच्या आसपास भरली. ते सारे त्यांनी आईच्या नावे केले होते. १९२५ मध्ये स्वीडनचे गणितज्ञ योस्टा मिटाग-लेफ्लर यांनी त्यांचे नाव नोबेलसाठी सुचवण्याच्या विचाराने वेधशाळेला पत्र लिहिले. त्या हयात नाहीत हे त्यांना ठाऊकच नव्हते. नोबेलसाठी मृत व्यक्तीचे नाव सुचवता येत नाही.

कपाटातून पडद्यावर

हेन्रिएटा यांच्यानंतरही हार्वर्डच्या दुर्बिणी काचा भरत राहिल्या. १९५०च्या दशकात पैशांच्या तंगीमुळे हे काम थांबवले गेले आणि १९६०च्या दशकाच्या अखेरीस पुन्हा सुरू झाले. मधल्या वर्षांचे आकाश या संग्रहात नाही आणि ते आता कोणाला भरूनही काढता येणार नाही. पुढे इलेक्ट्रॉनिक कॅमेरे आले आणि १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला काचांचे युग संपले.

कपाटात आकाशाचा शंभर वर्षांचा इतिहास पडून होता. पण तो वाचायला केंब्रिजला जाऊन एकेक काच भिंगाखाली घ्यावी लागे. साहजिकच फारच थोड्या काचा बाहेर निघत. २००० नंतरच्या दशकात जोनाथन ग्रिंडले यांच्या नेतृत्वाखाली सगळ्या काचा स्कॅन करण्याचा ‘डॅश’ प्रकल्प उभा राहिला.

बाजारात मिळणारा स्कॅनर इथे उपयोगाचा नव्हता. घरगुती स्कॅनरमध्ये प्रकाशाची पट्टी सरकत जाते आणि सरकताना किंचित हिसके बसतात. घरच्या फोटोत ते कळत नाहीत. पण इथे ताऱ्याची जागा मायक्रॉनच्या अंशापर्यंत अचूक हवी होती. शिवाय एकेका काचेला दहा-पंधरा मिनिटे लागली असती, तर काही लाख काचा संपायला कित्येक दशके गेली असती. म्हणून खास यंत्र बांधले गेले. काच एका अतिशय स्थिर, अचूक सरकणाऱ्या चौकटीत बसते, खालून एलईडीचा प्रकाश येतो आणि वर बसवलेला कॅमेरा तिचे तुकड्यातुकड्याने फोटो घेतो. हे तुकडे एकमेकांवर थोडे चढलेले असतात, संगणक ते जोडून एकसंध चित्र तयार करतो. आठ बाय दहा इंचांच्या दोन काचा साधारण दीड मिनिटात उरकतात.

या चित्रातला प्रत्येक पिक्सेल काचेवरच्या ११ मायक्रॉन जागेचा असतो, म्हणजे एका इंचात सुमारे २,३०० पिक्सेल. यापेक्षा दुप्पट-तिप्पट पिक्सेल का घेतले नाहीत? कारण काचेवर ताऱ्याचा ठिपका याहून बराच मोठा असतो. त्यापलीकडे गेले, तर ताऱ्याची नवी माहिती मिळत नाही, चांदीचे कण तेवढे मोठे दिसतात आणि फाइल फुगते. निगेटिव्हमध्ये जेवढा तपशील आहे तेवढा पुरता पकडणे, सर्वांत गडद आणि सर्वांत फिकट भागांतले फरक न गमावणे आणि जागा न हलवणे, या तीन गोष्टी साधल्या की स्कॅन उत्तम.

घरातल्या जुन्या निगेटिव्हलाही हाच हिशेब लागू पडतो. ३५ मिलिमीटर फिल्मची एक चौकट २४ बाय ३६ मिलिमीटरची असते. इंचाला ४,००० पिक्सेल या प्रमाणात स्कॅन केली, तर सुमारे २ कोटी १० लाख पिक्सेलचे चित्र मिळते. बहुतेक कौटुंबिक फोटोंना एवढे पुरेसे असते. हाती छापील फोटो आणि निगेटिव्ह दोन्ही असतील, तर स्कॅन निगेटिव्हचेच करावे. पहिली प्रत ‘टिफ’ स्वरूपात ठेवावी. ‘जेपेग’मध्ये जागा वाचवण्यासाठी तपशील टाकून दिला जातो. धूळ आपोआप पुसणारी इन्फ्रारेडची सोय रंगीत निगेटिव्हला चालते. कृष्णधवल निगेटिव्हमधली चांदी इन्फ्रारेड किरणही अडवते, त्यामुळे तिथे ही सोय फसते, धूळ आधीच हलक्या हाताने झटकावी लागते. आपल्याकडे पावसाळ्यातली दमट हवा हा मोठा शत्रू आहे. जिलेटिन हे बुरशीचे खाद्य आहे. आणि फिल्मच्या डब्याला व्हिनेगरसारखा आंबट वास येऊ लागला असेल, तर फिल्मचा पाया विघटित होत आहे असे समजून स्कॅनिंग लांबणीवर टाकू नये.

शाई पुसायची की ठेवायची?

हार्वर्डच्या काचांबाबत एक प्रश्न यंत्राने सुटणारा नव्हता. काचांच्या मागच्या, गुळगुळीत बाजूवर हेन्रिएटा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शाईने खुणा केल्या होत्या. ताऱ्याभोवती वर्तुळे, बाण, क्रमांक, कुठे आद्याक्षरे. स्कॅनरच्या दृष्टीने ही शाई म्हणजे ताऱ्यांना झाकणारा डाग. शाईखाली दडलेल्या ताऱ्याची तेजस्विता मोजता येत नाही. पण याच खुणा त्या स्त्रियांच्या कामाचा प्रत्यक्ष पुरावा होत्या. त्यांचे निष्कर्ष बहुधा वेधशाळेच्या अहवालांत मिसळून गेले, हस्ताक्षर मात्र काचेवर राहिले होते.

निर्णय असा झाला, की आधी प्रत्येक काचेचा खुणांसकट साधा फोटो घ्यायचा, पाकिटावरच्या नोंदींचाही घ्यायचा आणि मग मागची बाजू पुसून काच स्कॅनरवर चढवायची. ऐतिहासिक महत्त्वाच्या निवडक काचा न पुसता बाजूला ठेवल्या गेल्या. हे सर्वांनाच पटले असे नाही. फोटोत उरलेली खूण आणि काचेवरची खूण एकच नव्हे, हा आक्षेप चुकीचा म्हणता येत नाही. तसेच शाईखालचा तारा हीसुद्धा त्या रात्रीची एकमेव नोंद आहे, हेही नाकारता येत नाही. वेधशाळेच्या ग्रंथालयाने या स्त्रियांच्या वह्यांचे डिजिटायझेशन हाती घेतल्यामुळे काही तुटलेले धागे पुन्हा जुळू लागले. कोणत्या काचेवर कोणती खूण कोणी आणि का केली, याचा माग त्यातून लागतो.

स्कॅनिंग किती निकडीचे होते, हे जानेवारी २०१६ मध्ये दिसले. पाण्याची मुख्य वाहिनी फुटली आणि इमारतीच्या सर्वांत खालच्या मजल्यावरच्या सुमारे ६१ हजार काचा भिजल्या. ओले जिलेटिन फुगते, काचेवरून सुटते आणि त्यावर लवकर बुरशी धरते. म्हणून काचा तातडीने गोठवून ठेवल्या गेल्या आणि नंतर एकेक करून साफ करून वाळवण्यात आल्या. त्यानंतरही बरीच वर्षे काम चालले. मार्च २०२४ मध्ये स्कॅनिंग पूर्ण झाले, तेव्हा सुमारे ४ लाख २९ हजार काचांची डिजिटल चित्रे तयार झाली होती. ती जगातल्या कोणालाही अभ्यासासाठी खुली आहेत.

भारतातही असे काम झाले आहे. कोडाईकनालच्या वेधशाळेत १९०४ पासून सूर्याची रोज छायाचित्रे घेतली जात आहेत. त्या काचा आणि फिल्म यांचेही डिजिटायझेशन झाले असून, सूर्यावरील डागांचा शंभराहून अधिक वर्षांचा हिशेब त्यातून मांडता येतो.

पुन्हा तेच काम

हार्वर्डच्या स्कॅनचा उपयोग कसा होतो आणि तिथे काय सांभाळावे लागते, याचे एक उदाहरण बोलके आहे. २०१५ मध्ये हंस तारकासमूहातील एका ताऱ्याने खगोलशास्त्रज्ञांना बुचकळ्यात टाकले. केप्लर अवकाश दुर्बिणीला त्याचा प्रकाश अधूनमधून विचित्र रीतीने घटताना दिसला होता. ‘टॅबीचा तारा’ म्हणून तो गाजला. परग्रहावरच्या प्रगत जीवांनी त्याभोवती काही बांधले असावे, इथवर चर्चा गेली. २०१६ मध्ये हार्वर्डच्या स्कॅनच्या आधारे असा दावा झाला, की हा तारा १८९० पासून शंभर वर्षे हळूहळू मंद होत आला आहे. लगेच दुसऱ्या अभ्यासकांनी आक्षेप घेतला. शंभर वर्षांत दुर्बिणी बदलल्या, काचांवरची रसायने बदलली. मंद झाला तो तारा, की बदलले ते मोजमाप?

स्कॅन कितीही स्पष्ट असला, तरी या प्रश्नाचे उत्तर तो एकटा देऊ शकत नाही. वेगवेगळ्या दुर्बिणींच्या, वेगवेगळ्या काळातल्या काचा एका मापात आणाव्या लागतात. आज संगणक प्रत्येक काचेवरचे, तेजस्विता नक्की माहीत असलेले हजारो तारे घेऊन त्यांच्याशी बाकीच्यांची तुलना करतो. तेरा दुर्बिणींच्या २९९ काचा समोर ठेवून हेन्रिएटा लेव्हिट हेच करत होत्या. सेफीड ताऱ्यांपासून त्यांना दूर नेणारे ते किचकट काम, शंभर वर्षांनी, त्यांच्याच काचा वाचताना सर्वांत आधी करावे लागते.

त्यांच्या नावाचे एक विवर चंद्राच्या पलीकडच्या बाजूला आहे आणि एक लघुग्रहही. सेफीड ताऱ्यांच्या कालावधीचा आणि तेजस्वितेचा नियम आता अनेक खगोलशास्त्रज्ञ लेव्हिट यांचा नियम म्हणून ओळखतात. हबल आणि जेम्स वेब या अवकाश दुर्बिणींनी दूरच्या दीर्घिकांची अंतरे मोजताना आजही तोच वापरला जातो. स्कॅन झालेल्या काचा मात्र टाकून दिलेल्या नाहीत. त्या पुन्हा पाकिटांत घालून त्याच इमारतीत, त्याच कपाटांत ठेवल्या आहेत. आजच्या स्कॅनरला जे वाचता आले नाही, ते उद्याच्या यंत्राला वाचता येईल, म्हणून.